विकलांग मातापित्यांचा गृहस्थधर्म

श्रीमद्भगवद्गीतेचा आरंभ भगवंतांच्या मुखातून होत नाही, अर्जुनाच्याही मुखातून होत नाही. तो होतो एका अंध पित्याच्या प्रश्नाने. सातशे श्लोकांच्या या ग्रंथात धृतराष्ट्राच्या वाट्याला एकच श्लोक आला आहे आणि तो अगदी पहिला आहे. कुरुक्षेत्राविषयी हा जन्मांध राजा संजयाला विचारतो, आणि विचारताना आपल्या कुळाचे दोन भाग पाडतो : एक ‘माझ्या’ पुत्रांचा, दुसरा पांडूच्या पुत्रांचा.

नित्यपाठ करणारे गृहस्थ हा श्लोक बहुधा घाईने ओलांडून पुढे जातात. परंतु ज्या घरात पित्याला दृष्टी नाही, मातेला श्रवण नाही किंवा दोहोंपैकी एकाचे पाय चालत नाहीत, त्या घराच्या दृष्टीने या श्लोकाचे महत्त्व फार मोठे आहे. अशा मातापित्यांना समाजाकडून एक वाक्य जन्मभर ऐकावे लागते : ‘ज्याला स्वतःलाच सांभाळता येत नाही, तो लेकराला काय सांभाळणार?’ विवाहाच्या वेळी ते बोलले जाते, गर्भ राहिला की पुन्हा बोलले जाते, आणि मूल रांगू लागले की सहानुभूतीच्या स्वरात बोलले जाते. इतकेच नव्हे, तर त्याच्या पुष्टीसाठी धृतराष्ट्राचे नाव घेणारेही पुष्कळ आढळतात. बाप आंधळा होता म्हणून पोरे बिघडली, असा सोपा निष्कर्ष काढून ते मोकळे होतात. हा निष्कर्ष शास्त्राला मान्य आहे काय, याचा विचार शांतपणे केला पाहिजे. कारण तो चुकीचा असेल, तर त्याच्या आधारे कितीतरी निरपराध मातापित्यांचा अधिकार रोज हिरावला जात आहे, असे म्हणावे लागेल.

धृतराष्ट्राचे न्यून कोणते?

धृतराष्ट्राच्या साहाय्याला काय कमी होते? नीतीचा मूर्तिमंत पुतळा असा विदुर त्याचा बंधू होता. भीष्मांसारखा वडीलधारा घरात होता. रणभूमीवरील वृत्तांत सांगावयास व्यासांच्या कृपेने दिव्यदृष्टी लाभलेला संजय होता. स्वतः त्यालाही दृष्टी देण्याची तयारी व्यासांनी दर्शविली होती. परंतु स्वजनांचा संहार पाहावयास नको म्हणून त्याने ती नाकारली. युद्धापूर्वी ज्या रात्री त्याला झोप येईना, त्या रात्री विदुराने त्याला जो उपदेश केला तो आजही विदुरनीती म्हणून वाचला जातो. त्या उपदेशावर धृतराष्ट्राने दिलेले उत्तर मोठे बोलके आहे. हे सारे योग्य आहे, परंतु दुर्योधन भेटला की आपली बुद्धी पालटते, असे तो स्वतःच कबूल करतो.

म्हणजे त्याला दिसत नव्हते असे नाही. त्याला कळतही होते. द्यूतसभेत फासे त्याच्या डोळ्यांना दिसत नव्हते, पण कोण जिंकले हे तो पुन्हा पुन्हा उत्सुकतेने विचारीत होता. तेथे अधर्म घडत आहे हे समजावयास डोळ्यांची गरज नव्हती. कुलवधूचा आक्रोश कानांनी ऐकू येत होता. पुत्राला आवरणारा शब्द उच्चारावयास जिव्हा शाबूत होती. जे नव्हते ते पुत्रमोहाला बाजूला सारण्याचे धैर्य.

याच घरात दुसरी एक माता होती. गांधारीने पतीसाठी आपल्या डोळ्यांवर स्वेच्छेने पट्टी बांधली होती; म्हणजे व्यवहारात तीही दृष्टिहीनच होती. परंतु कुळाचा नाश टाळावयाचा असेल तर दुर्योधनाचा त्याग करावा, असे पतीला सांगणारी तीच होती. युद्धकाळात पुत्र विजयाचा आशीर्वाद मागावयास आला तेव्हा, जिकडे धर्म असेल तिकडेच जय, याहून वेगळा शब्द तिच्या मुखातून निघाला नाही. एकाच राजवाड्यात दोन दृष्टिहीन मातापिता. एकाला धर्म दिसला नाही आणि दुसरीला तो पट्टीआडूनही दिसला. तेव्हा दोष नेत्रांचा कसा म्हणावा? दोष होता तो पहिल्याच श्लोकात बाहेर पडलेल्या ‘माझे’ या भावनेचा. हा अंधार डोळस मातापित्यांच्या घरीही तितकाच दाट असू शकतो.

आणखी एक गोष्ट विसरता कामा नये. धृतराष्ट्र ज्येष्ठ असूनही केवळ अंधत्वामुळे त्याला राज्य नाकारण्यात आले. तो सल त्याच्या मनात राहिला आणि पुढे दुर्योधनाने तोच सल आपल्या मत्सराचे शस्त्र बनविला. विकलांगाला त्याच्या न्यूनाबद्दल डावलले की ती जखम एका पिढीत भरून येत नाही. ती लेकरांच्या मनात उतरते. महाभारताची ही सूचना जितकी त्या राजाला लागू आहे, तितकीच त्याला डावलणाऱ्या समाजालाही आहे.

सत्यवानाचा अंध पिता

महाभारतातच या कथेच्या समोर ठेवण्याजोगी दुसरी कथा आहे. शाल्व देशाचा राजा द्युमत्सेन याची दृष्टी गेली. त्या वेळी त्याचा पुत्र लहान होता. ही संधी साधून शेजारच्या शत्रूने राज्य बळकावले. अंध पिता, त्याची पत्नी आणि ते बालक असे तिघे वनात आले. राजवाडा नाही, दासदासी नाहीत, खजिना नाही, आणि पित्याला डोळे नाहीत. बालकाचे संगोपन होण्यास यापेक्षा प्रतिकूल परिस्थिती कोणती असावी?

तरीही त्या वनात वाढलेला पुत्र कसा झाला? सावित्रीने भारतवर्षातील राजपुत्रांतून निवडला तो हाच. अश्वपती राजाने त्याच्याविषयी पृच्छा केली तेव्हा नारदांनी त्याच्या नावाचे कारण सांगितले : त्याचा पिता सत्य बोलतो, माता सत्य बोलते, म्हणून ब्राह्मणांनी पुत्राचे नाव सत्यवान ठेवले. विकलांग मातापित्यांच्या अधिकाराविषयी याहून मोठे प्रमाणपत्र कोणते? पित्याने पुत्राला दाखविण्यासारखे काही उरले नव्हते, परंतु देण्यासारखे जे होते ते त्याच्या वाणीत होते. मुलाचे नाव पित्याच्या अंधत्वावरून पडले नाही. ते त्याच्या सत्यावरून पडले.

येथे आणखी एक तपशील लक्षात ठेवावा. द्युमत्सेन वनात एकटा नव्हता. भोवताली तपस्व्यांचे आश्रम होते. ज्या रात्री सत्यवान आणि सावित्री वेळेवर परतली नाहीत, त्या रात्री व्याकुळ मातापिता आश्रमामागून आश्रम हिंडू लागले आणि त्या ऋषींनीच त्यांना धीर देऊन परत आणून बसविले. शेजारधर्म म्हणतात तो हाच. ऋषींनी पुत्र आपल्या ताब्यात घेतला नाही, पित्याला अक्षम ठरविले नाही. ते जवळ राहिले आणि वेळ आली तेव्हा उपयोगी पडले.

कर्माची पाच कारणे

आता खुद्द गीतेचे या बाबतीत काय सांगणे आहे ते पाहू. अठराव्या अध्यायात भगवंतांनी कोणत्याही कर्माच्या सिद्धीला पाच कारणे सांगितली आहेत : अधिष्ठान म्हणजे शरीर, कर्ता, निरनिराळ्या प्रकारची करणे म्हणजे साधने, नानाविध प्रयत्न, आणि पाचवे दैव. त्यांनी पुढे हेही स्पष्ट केले आहे की, केवळ आपणच कर्ता आहोत असे जो मानतो त्याची बुद्धी संस्कारलेली नाही.

अपत्यसंगोपन हेही एक कर्मच आहे. त्याच्या पाच कारणांपैकी शरीर हे एकच कारण. करणे एकाच प्रकारची नसून निरनिराळ्या प्रकारची आहेत, असे भगवंत म्हणतात, हे फार महत्त्वाचे आहे. एक करण मावळले की दुसरे करण त्याचे काम उचलते. दृष्टी नसलेली माता स्नानाच्या पाण्याची ऊब कोपराने अजमावते. रांगत्या बाळाच्या पायांत ती घुंगरू बांधते आणि त्याच्या नादावरून ते कोठे आहे हे जाणते. घुंगरू अकस्मात थांबले की बाळाच्या हाती काहीतरी नको ते लागले आहे, हेही तिला उमगते. औषध देण्याच्या पिचकारीवर मापाची खाच पाडून घेतली की तिची मात्रा चुकत नाही. ज्या मातेला ऐकू येत नाही ती बाळाचे अंथरूण आपल्या अगदी निकट घालते. बाळ रडताच दिवा उजळणारी साधनेही आता उपलब्ध आहेत. तिच्या घरी बालक हातांच्या खुणांची भाषा मातृभाषा म्हणून शिकते आणि बोलीभाषा आजीआजोबांकडून व शेजाऱ्यांकडून उचलते. पायांनी अधू पिता पाळणा बसल्या जागेवरून हात पोहोचेल इतक्या उंचीवर बांधून घेतो.

मानवी बुद्धीने करणे कशी वाढविता येतात, याचे एक उदाहरण आपल्याच देशातले आहे. १९६० नंतरच्या दशकात जयपूर येथे रामचंद्र शर्मा नावाचे एक कुशल कारागीर आणि डॉ. प्रमोद करण सेठी हे अस्थिशल्यचिकित्सक यांनी मिळून ‘जयपूर पाय’ तयार केला. परदेशी बनावटीचे कृत्रिम पाय बुटांत चालणाऱ्यांसाठी होते. हा पाय लावून मनुष्य अनवाणी चालू शकतो, शेतात उतरू शकतो आणि जमिनीवर मांडी घालून बसू शकतो. एखाद्या पित्याला आपल्या लेकरांच्या पंक्तीला खाली बसून जेवता येणे ही लहान गोष्ट नव्हे. शिल्पकाराची कला आणि वैद्याचे ज्ञान एकत्र आले आणि कित्येक घरांत कर्माचे एक हरपलेले करण परत आले.

मग अंतिम प्रश्न उरतो कर्त्याचा. त्याच्यात प्रेम आहे काय, सत्य आहे काय, संयम आहे काय? हे असेल तर करणे जुळविता येतात. हे नसेल तर दहाही इंद्रिये शाबूत असून संगोपन विफल होते. क्वचित एखाद्या मातापित्याचे न्यून इतके गाढ असते, विशेषतः मनाचे व बुद्धीचे, की त्यांना सततच्या सोबतीवाचून हे कर्म पेलत नाही. तेथे बालकाचे रक्षण सर्वप्रथम केले पाहिजे. परंतु तो निर्णयदेखील प्रत्यक्ष परिस्थिती पाहून व्हावा. न्यूनाचे नाव ऐकून नव्हे.

विगुण असला तरी स्वधर्मच

एक दृष्टांत घेऊ. एखाद्या सुखवस्तू घरात एक अंध सून आहे अशी कल्पना करावी. तिला मूल झाले. सासू प्रेमळ आहे. जाच करणारी नव्हे. परंतु बाळ पडेल, भाजेल, गुदमरेल या भीतीने ती त्याला सुनेच्या हाती लागू देत नाही. न्हाऊमाखू घालणे, भरविणे, निजविणे सारे तीच करते. माता केवळ स्तनपानापुरती. वर्ष जाते. बाळ दचकले की आजीकडे धाव घेते. आईच्या हातांत गेले की रडते. घरात कोणीही कठोर शब्द उच्चारलेला नाही, आणि तरीही एका मातेचे मातृत्व तिच्या डोळ्यांदेखत, म्हणजे तिच्या कानांदेखत, नाहीसे झाले आहे.

पुढे आजी तापाने आठ दिवस अंथरुणाला खिळते. निरुपायाने बाळ आईकडे येते. पहिल्या दिवशी दोघेही रडतात. तिसऱ्या दिवशी बाळाला आईच्या बोटांची ओळख पटते. ओठांशी बोट ठेवून ती घास कसा भरविते हे त्याला कळते. पाचव्या रात्री घरातील डोळस माणसांच्या ध्यानात येण्यापूर्वीच बाळाचा श्वास जड झाल्याचे तिला ऐकू येते आणि वैद्याला वेळेवर बोलाविले जाते. आजी बरी होऊन उठते तेव्हा ती शहाणी स्त्री बाळाला परत मागत नाही. ‘सूनबाई, पाणी मी तापवून देते, न्हाऊ तू घाल,’ एवढेच ती म्हणते.

या एका वाक्यात साहाय्याचे सारे शास्त्र सामावले आहे. दुसऱ्याचा धर्म उत्तम रीतीने आचरण्यापेक्षा आपला धर्म काहीसा विगुण, म्हणजे उणिवेचा असला तरी तोच श्रेयस्कर, असे भगवंत तिसऱ्या अध्यायात सांगतात आणि अठराव्यात पुन्हा सांगतात. अग्नीभोवती जसा धूर असतो तसे प्रत्येक कर्म दोषाने वेढलेले असते, म्हणून सहज प्राप्त झालेले कर्म टाकू नये, असेही ते तेथेच सांगतात. मातेचा स्वधर्म मातृत्व आहे. तिच्या हातून दोन थेंब सांडतील, घास भरवावयास थोडा अधिक वेळ लागेल. तो धूर आहे. त्या धुरासाठी अग्नी विझवावयाचा नसतो. आजीने मातेचा धर्म कितीही निपुणतेने पार पाडला तरी तो परधर्मच होय. तिचा स्वधर्म पाणी तापवून देण्याचा आहे.

पूर्वकर्माचा आक्षेप

काही धार्मिक वृत्तीची मंडळीदेखील येथे एक आक्षेप घेतात. अंधत्व, बधिरत्व हे पूर्वजन्मीच्या पातकाचे फळ आहे. ते ज्याचे त्याने भोगावे. आणि अशांनी संतती वाढवू नये, असे ते म्हणतात. कर्मसिद्धांताचा हा विपर्यास आहे. कर्माची गती गहन आहे असे चौथ्या अध्यायात स्वतः भगवंतांनी म्हटले आहे. जी गती भगवंत गहन म्हणतात ती शेजाऱ्याला ओट्यावर बसल्या बसल्या उलगडते, हा केवढा अहंकार! कर्मसिद्धांत सांगितला आहे तो मनुष्याने आपल्या वाट्याच्या कर्तव्याला धैर्याने सामोरे जावे म्हणून. दुसऱ्याच्या दुःखाकडे पाठ फिरविण्यासाठी नव्हे. सहाव्या अध्यायात श्रेष्ठ योगी कोणाला म्हटले आहे? दुसऱ्याचे सुख आणि दुःख जो स्वतःवरून ओळखतो त्याला.

व्यवहाराच्या दृष्टीनेही हा आक्षेप टिकत नाही. कित्येकांचे अंधत्व मोतीबिंदू, खुपऱ्या किंवा अपघात यांमुळे आलेले असते. कित्येकांचे पाय बालपणीच्या पोलिओने गेलेले असतात. असे न्यून संततीत उतरत नाही. भारत २०१४ साली पोलिओमुक्त घोषित झाला. परंतु त्यापूर्वी ज्यांना तो झाला ती बालके आज मातापिता आणि आजीआजोबा आहेत. जी न्यूने वंशपरंपरेने येतात त्यांच्याविषयी तज्ज्ञ वैद्याचा सल्ला घ्यावा. शेजाऱ्यांच्या कुजबुजीचा नव्हे.

श्रावणाच्या खांद्यावरील भार

विकलांग मातापित्यांचे नाव निघताच प्रत्येक हिंदू गृहस्थाला श्रावणबाळाचे स्मरण होते, आणि ते योग्यच आहे. मातापित्यांच्या सेवेचा असा आदर्श दुसरा नाही. परंतु या कथेत पुत्रांना जसा उपदेश आहे तसा समाजालाही एक इशारा आहे. रामायणात दशरथाच्या बाणाने विद्ध झालेला तो तपस्वी बालक स्वतःच्या वेदनेविषयी फारसे बोलत नाही. तहानेने व्याकुळ होऊन वाट पाहत असलेल्या अंध मातापित्यांची आता काय गती होईल, याचेच दुःख तो करतो. आणि झालेही तसेच. पुत्र गेला आणि त्या दोघांनीही प्राण ठेविले नाहीत. त्या अरण्यात तो एकटाच त्यांचे डोळे, पाय आणि पाणी होता. सारा आधार एकाच खांद्यावर होता म्हणून एका बाणाने तीन जीव गेले.

आजही अशी पुष्कळ घरे आहेत. मातापित्यांना ऐकू येत नाही, म्हणून सहा-सात वर्षांची मुलगी त्यांची दुभाषी होते. बाजारातील हिशेब, शाळेतील गुरुजींचे बोलणे, एवढेच काय, वैद्याने सांगितलेला आईचा आजारही तिलाच आईला समजावून सांगावा लागतो. जे दुःख पेलण्याचे तिचे वय नाही ते तिच्या बोटांतून प्रथम आईपर्यंत पोहोचते. लोक तिचे कौतुक करतात. तिला श्रावण म्हणतात. परंतु कौतुक करून घरी निघून जाणाऱ्यांपैकी एकानेही खुणांची भाषा शिकून घेतली, तर त्या मुलीला तासभर खेळावयास मिळेल. मुलांनी सेवा अवश्य करावी, पण ती मुलांनी करावयाची सेवा असावी. मातापित्यांचे पालकत्व त्यांच्यावर येऊ नये.

शास्त्र, राज्य आणि दान

प्राचीन स्मृतिकारांनी जन्मांध, जन्मबधिर इत्यादिकांना वारशाच्या वाट्यातून वगळले होते, हे सत्य लपविण्यात अर्थ नाही. परंतु त्यांना आजन्म अन्नवस्त्र देणे मनूने कर्तव्य ठरविले, आणि त्यांची विवाहाची इच्छा असेल तर त्यांच्या संततीला वाटा मिळावा असेही सांगितले. म्हणजे ते पती होतील, पिता होतील, हे शास्त्राने त्या काळीही गृहीत धरले होते. उरलेला अन्याय पुढे कायद्याने दूर केला. १९२८ च्या कायद्याने बहुतेक शारीरिक न्यूनांमुळे येणारी वारशाची अपात्रता रद्द झाली, आणि १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाने रोग, न्यून वा व्यंग या कारणावरून कोणालाही वारसा नाकारता येणार नाही असे ठरविले. धृतराष्ट्राच्या मनातील तो जुना सल या देशाने अशा रीतीने उपटून काढला.

२००६ साली संयुक्त राष्ट्रसंघाने विकलांगांच्या हक्कांचा करार स्वीकारला आणि २००७ साली भारताने त्याला मान्यता दिली. त्याच्या तेविसाव्या कलमात, मातापित्यांच्या विकलांगतेच्या कारणावरून मुलाला त्यांच्यापासून विभक्त करू नये आणि अपत्यसंगोपनात त्यांना योग्य ते साहाय्य द्यावे, असे सांगितले आहे. भारताच्या २०१६ च्या दिव्यांगजन अधिकार अधिनियमातही विकलांग स्त्रियांना उपजीविकेसाठी व मुलांच्या संगोपनासाठी आधार देणाऱ्या योजना असाव्यात अशी तरतूद आहे. २०११ च्या जनगणनेत या देशात २ कोटी ६८ लक्ष विकलांग व्यक्तींची नोंद झाली. एवढ्या मोठ्या समुदायाचा प्रश्न हा कोणा दुसऱ्याचा प्रश्न राहत नाही.

तथापि राज्याचे साहाय्य कागदावरून घरापर्यंत पोहोचावयास शेजाऱ्याचे पाय लागतात. आणि ते साहाय्य कोणत्या वृत्तीने करावे हे गीतेच्या सतराव्या अध्यायात सांगितले आहे. परतफेडीची अपेक्षा न धरता, देणे हे कर्तव्य आहे या बुद्धीने, देश, काळ आणि पात्र पाहून जे दिले जाते ते सात्त्विक दान. मोबदल्याच्या इच्छेने किंवा कष्टी मनाने दिलेले राजस. तिरस्काराने, मान न राखता दिलेले तामस. एखाद्या अंध मातेच्या मुलाला सर्वांसमक्ष ‘बिचारे पोर’ म्हणून मिठाई देणारा मनुष्य मिठाई देतो आणि त्याच्या आईचा मान काढून घेतो. ते दान कोणत्या वर्गात बसते, हे प्रत्येकाने स्वतःशीच ठरवावे.

गृहस्थांनी ध्यानात ठेवावयाचे काही नियम

(१) साहाय्य करण्यापूर्वी विचारावे. काय हवे ते त्या मातापित्यांना अधिक ठाऊक असते.

(२) मुलासंबंधीचे बोलणे मातापित्यांशीच करावे. आई अंध आहे म्हणून तिच्या शेजारी उभ्या असलेल्या नातलगाशी बोलणे हा तिचा अवमान आहे. बधिर पित्याशी समोरासमोर, सावकाश, किंवा लिहून बोलावे.

(३) अंध व्यक्तीच्या घरातील वस्तू जागच्या जागी ठेवाव्यात. पाहुण्याने सहज बाजूला सरकविलेला पाट त्या घरात खड्ड्याइतका धोक्याचा असतो.

(४) मातापित्यांनी मुलाला दिलेली आज्ञा शेजाऱ्यांनी मोडू नये. ‘तुझ्या आईला कुठे दिसते!’ असे मुलाला हसत हसत सांगणारा त्याला असत्याची पहिली दीक्षा देतो.

(५) विकलांगतेचा दाखला काढणे, निवृत्तिवेतनाचा अर्ज करणे, रुग्णालयात जाणे या कामी सोबत जावे. कायद्यातील बहुतेक विशेष सवलतींसाठी निदान ४० टक्के विकलांगतेचा वैद्यकीय दाखला लागतो, आणि तो मिळविण्यातच पुष्कळांची दमछाक होते.

(६) मंदिर, शाळा आणि दवाखाना यांच्या पायऱ्यांशेजारी एक उतरण बांधावी. गीताजयंतीच्या मंडपावर जो व्यय होतो त्यातील अल्पांशही यासाठी पुरेल. ज्या पित्याला मुलाच्या शाळेचा उंबरा ओलांडता येत नाही त्याला पालकसभेचे निमंत्रण देऊन काय उपयोग?

(७) विकलांग मातापित्यांनीही साहाय्य मागण्यात कमीपणा मानू नये. परस्परांना पोसत परम कल्याण साधावे, असा यज्ञाचा नियमच भगवंतांनी तिसऱ्या अध्यायात सांगितला आहे. कोणतीही माता एकटीने मूल वाढवीत नाही. डोळस माताही सुईण, शेजारीण, शिक्षक यांच्या आधारानेच ते करते. तिच्या आधाराकडे कोणाचे लक्ष जात नाही इतकेच.

उपसंहार

गीता एका अंध पित्याच्या ‘माझे’ने सुरू होते. पुढे बाराव्या अध्यायात भगवंत आपल्या प्रिय भक्ताची लक्षणे सांगतात, त्यांत सर्व भूतांविषयी मैत्री आणि करुणा यांच्या पाठोपाठच ममत्वाचा अभाव येतो. ‘माझे’ सुटल्यावाचून करुणा शुद्ध होत नाही, हा त्याचा अर्थ. ज्या समाजाला ‘माझी मुले’ आणि ‘त्या आंधळ्याची मुले’ असे दोन वर्ग दिसतात, तो धृतराष्ट्राचाच प्रश्न पुन्हा विचारीत आहे. आणि त्याचे डोळे तर शाबूत आहेत!

याउलट एखाद्या संध्याकाळी दिवेलागणीला एक अंध माता आपल्या मुलाला मांडीवर घेऊन परवचा म्हणवून घेत आहे, आणि शेजारीण दारातून, ‘वहिनी, उद्या शाळेच्या सभेला जायचे ना? मी हाक मारते,’ असे म्हणून पुढे जात आहे. असे दृश्य ज्या आळीत दिसते तेथे गीता वाचली गेली आहे असे निःशंक समजावे. त्या घरातील दिवा मातेला दिसत नाही. तो तिने मुलासाठी लावला आहे. त्याच्या वातीला तेल कमी पडू नये एवढे पाहणे, हाच उरलेल्या सर्वांचा स्वधर्म होय.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥